हिरव्या मुखवट्याआडचा आजारी माणूस

सप्टेंबर १९६६चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा चाळिसावा अंक. पीटर पार्कर खुर्चीत पोलादी वेढ्यांनी जखडलेला आहे आणि त्याच्यासमोर त्याच्या मित्राचा बाप येरझाऱ्या घालतो आहे. अंगात गॉब्लिनचा पोशाख, मुखवटा मात्र उतरवलेला. दोन वर्षं वाचकांना ज्याचा चेहरा ठाऊक नव्हता तो ग्रीन गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न, हे आदल्याच अंकात उघड झालेलं. ऑस्बॉर्न हा कारखानदार, समाजात मान असलेला, मुलाकडे बघायला वेळ नसलेला माणूस. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॉन रोमिटा. गॉब्लिन पहिल्यांदा आला तो १९६४ साली चौदाव्या अंकात, तेव्हा चित्रं स्टीव्ह डिट्को काढत.

सुटकेसाठी पीटरला वेळ हवा आहे, म्हणून तो गॉब्लिनला बोलतं करतो. मग ऑस्बॉर्न आपली कहाणी सांगू लागतो. भागीदार असलेल्या प्राध्यापक स्ट्रॉमला त्याने अफरातफरीच्या आरोपात अडकवून तुरुंगात धाडलं. स्ट्रॉमच्या कागदपत्रांत एका रसायनाचं सूत्र सापडलं. ते करून बघताना द्रावण हिरवं झालं आणि स्फोट झाला. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा मेंदूला इजा झाली असावी असं डॉक्टरांचं मत पडलं. त्याला स्वतःला मात्र वाटलं की आपली बुद्धी कधी नव्हती इतकी तल्लख झाली आहे. ही जागा मला फार खरी वाटते. ज्यांच्या घरात असा आजार आला आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल. आजाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. उलट आजवर कुणालाच दिसलं नव्हतं ते आपल्याला दिसायला लागलंय, असं त्याला वाटतं. घरचे म्हणतात डॉक्टरकडे चल, आणि तो म्हणतो, मला काय धाड भरलीय?

पुढे मारामारी होते, ती या अंकांत व्हायचीच. पण शेवटची पानं बघा. विजेच्या तारा आणि रसायनांच्या धक्क्याने ऑस्बॉर्न कोसळतो आणि जागा होतो तो गॉब्लिनची कुठलीही आठवण नसलेला बाप होऊन. मुलाची चौकशी करतो. आजूबाजूला आग लागलेली. त्या क्षणी स्पायडर-मॅनच्या हातात सगळं आहे. पोशाख पुरावा म्हणून न्यायचा, पोलिसांना नाव सांगायचं, दोन वर्षांचा हिशेब चुकता करायचा. तो पोशाख आगीत टाकतो. गॉब्लिन मेला, ऑस्बॉर्नने त्याच्याविरुद्ध मदत केली, असं लोकांना सांगायचं ठरवतो. हा माणूस आजारी होता, आता बरा आहे, त्याचं नाव आणि त्याच्या पोराचं घर आपण का मोडायचं, एवढाच त्याचा विचार आहे.

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये वेडसर खलनायकाला असं वागवलेलं फार थोड्या ठिकाणी सापडतं. मला हा अंक महत्त्वाचा वाटतो तो त्यासाठी. त्याची आठवण मध्य प्रदेशातल्या सावरगावाच्या निमित्ताने का निघावी, हे पुढे येईलच.

ऑस्बॉर्नचं बरं होणं टिकलं नाही, टिकणारही नव्हतं, कारण गाजलेला खलनायक प्रकाशकाला परत हवाच असतो. १९७१ साली ९६ ते ९८ या अंकांत तो पुन्हा बिघडतो. हे अंक वेगळ्या कारणानेही गाजले. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली यांनी त्यांत अमली पदार्थांचा विषय घेतला आणि कॉमिक्सच्या आचारसंहिता मंडळाने मान्यता नाकारली, तरी ते छापले गेले. ऑस्बॉर्नचा मुलगा हॅरी गोळ्यांच्या आहारी जाऊन दवाखान्यात पडला आहे. ९८व्या अंकात स्पायडर-मॅन गॉब्लिनला त्या खाटेपर्यंत नेतो. पोराला तसं पडलेलं बघून गॉब्लिनची शुद्ध हरपते आणि बाप परत येतो. पुढच्या फेरीत, जून १९७३च्या १२१व्या अंकात, पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसीचा जीव जातो. पुढच्या अंकात ऑस्बॉर्नही मरतो आणि १९९६ साली जिवंत होऊन परततो. या सगळ्यात बिघडणं, सुधारणं, पुन्हा बिघडणं हा खऱ्या आजाराचा क्रम आहे. फरक इतकाच की कॉमिकमध्ये माणूस बिघडला की कुणाचा तरी मुडदा पडायलाच हवा.

ग्वेन मेली त्याच वर्षी, सप्टेंबर १९७३ मध्ये, बॅटमॅनच्या २५१व्या अंकात डेनिस ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी जोकरला परत खुनशी केला. मधल्या काळात तो पोरकट चोऱ्या करणारा विदूषक होऊन बसला होता. ओ’नील यांनी त्याला वेड्यांच्या तुरुंगातून पळवून आणलं आणि पाच जुन्या साथीदारांच्या मागे लावलं. त्या गोष्टीत बेशुद्ध बॅटमॅन समोर पडला असताना जोकर त्याला मारत नाही, कारण खेळ न खेळता मिळालेल्या विजयात त्याला रस नसतो. चित्रं अप्रतिम आहेत. पुढच्या वर्षी ओ’नील यांनीच गॉथम शहरासाठी आर्कम नावाचं इस्पितळ उभं केलं, आणि तिथून बॅटमॅनच्या जगात एक प्रथा पडली. खलनायक पकडायचा, आर्कममध्ये टाकायचा, तो पळणार, पुन्हा पकडायचा. पन्नास वर्षांत तिथून कुणी बरं होऊन, हातात औषधांची पिशवी घेऊन घरी गेल्याचं वाचकाला फारसं दिसलं नाही. मनोरुग्णालय म्हणजे राक्षस कोंडायची जागा, हे चित्र जगभरातल्या पोरांच्या डोक्यात तिथून बसलं. सप्टेंबर २०११ मध्ये तीन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं.

प्रत्यक्षात काय आहे? अमेरिकेत समाजातल्या एकूण हिंसेपैकी सुमारे चार टक्क्यांचाच संबंध गंभीर मानसिक आजाराशी लावता येतो, असं तिथल्या मोठ्या पाहणीतून निघालं. शिकागोत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसक गुन्ह्यांना बळी पडण्याचं प्रमाण इतरांच्या अकरापटीहून जास्त आहे. म्हणजे मार खाणारा आजारी माणूसच आहे.

आता आपल्याकडे येऊ. वेताळ, मँड्रेक आणि पुढे बहादूर ही मंडळी मराठी घरांत आली ती १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. मँड्रेकचा शत्रू कोब्रा पुन्हापुन्हा परत येई. पण तो धूर्त होता, आजारी नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याशी, पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात, घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी वाढलेली पोरं राज कॉमिक्सचे नागराज आणि ध्रुव वाचत मोठी झाली. स्पायडर-मॅनही तिथे पोचला तो दूरदर्शनवरून. आणि २००४ साली त्याचा एक मराठी वाटावा असा अवतारच छापून आला.

गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने मार्व्हलच्या परवान्याने काढलेल्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’चे चार अंक. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग ही त्यामागची मंडळी, चित्रं कांग यांची. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, भीमकाका आणि मायाकाकूंकडे राहणारा, धोतरावरून शाळेतल्या श्रीमंत पोरांची टिंगल सोसणारा मुलगा. कोळी चावून मिळायची ती शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते. वेशातही खाली धोतर. २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात हाच पवित्र जगभर गाजला, आणि तो चित्रपट भारतात ज्या भाषांत लागला त्यांत मराठीही होती.

या मालिकेत नॉर्मन ऑस्बॉर्नचा झाला नलिन ओबेरॉय. मुंबईतला बडा उद्योगपती. पण त्याचं बिघडणं कसं होतं? प्रयोगशाळा नाही, स्फोट नाही, मेंदूला इजा नाही. त्याला एक प्राचीन ताईत सापडतो, तो विधी करतो आणि त्याच्या अंगात राक्षस शिरतो. शेवटी ताईत त्याच्यापासून तुटतो तेव्हा तो पुन्हा माणूस होतो.

रूपांतरकारांना दोष द्यायचा नाही. अमेरिकेत विज्ञान ते भारतात पुराण, असा त्यांचा उघड बेत होता आणि तो त्यांनी मनापासून निभावला. पण या अदलाबदलीत मूळ गोष्टीतला एक दुवा गळून पडला. ऑस्बॉर्नच्या उशाशी डॉक्टर होते. चुकीचे का असेनात, घाबरलेले का असेनात, मेंदूला काही झालं असेल असं म्हणणारे डॉक्टर होते. ओबेरॉयच्या आसपास डॉक्टरला कामच उरलं नाही. ताईत बांधला की बाधा, ताईत सुटला की सुटका. आणि मला हे वाचताना सावरगाव आठवत राहिलं, कारण तिथे ही गोष्ट कुणी कल्पनेतून रचलेली नाही. त्या पट्ट्यात आजही घरोघर ती अशीच घडते.

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये जाम नदी. नदी म्हणजे पावसाळा सोडला तर पोरंसोरं पायांनी ओलांडतील एवढी. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचं पांढुर्णा संत्र्यांसाठी आणि कापसासाठी ओळखलं जातं. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पोळा, मारबत, भुलाबाई, घरातली भांडणं, सगळं अजून वऱ्हाडी-नागपुरी मराठीत.

बाहेरच्या जगाला सावरगाव ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर सावरगाव, दुसऱ्यावर पांढुर्णा, आणि दिवसभर दगडांचा पाऊस. पांढुर्ण्याच्या लोकांनी झेंड्यापर्यंत पोचून झाड तोडायचं, सावरगावच्या लोकांनी ते राखायचं. संध्याकाळी झाड चंडीमातेच्या देवळात जातं. दंतकथा अशी की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले, नदीच्या पात्रात अडकले आणि दोन्ही काठांवरून आलेल्या दगडांनी मेले. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आजवर अनेकांचा जीव गेला आहे. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिलं, बंदीचे आदेश काढून पाहिले, गोटमार चालू राहिली.

त्या दिवशी दगड भिरकावणाऱ्या हजारो हातांत एकही हात वेड्याचा म्हणून ओळखला जात नाही. ते सगळे शहाणे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात, शेतावर जातात, डोक्याला पट्टी बांधून कॉलेजात बसतात. त्याच गावात एखादी बाई रात्रभर जागी राहून भिंतीशी बोलायला लागली की शेजारी पोरांना आत ओढून घेतात. तिने कुणाला मारलं नाही, मारायची शक्यताही कमी. भीती मात्र तिचीच. जमावाच्या हिंसेला प्रथा म्हणायचं आणि एकट्या माणसाच्या आजाराला धोका म्हणायचं, हा अन्याय मला गोटमारीच्या काठावर जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अशी बाई घरात असली की घरचे काय करतात? आधी वाट बघतात. मग ‘बाहेरचं लागलं असंन’ असं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं. उतारा होतो, अंगारा होतो, गंडादोरा, ताईत बांधला जातो. करणी कुणी केली यावरून भावकीत वितुष्ट येतं. एवढ्याने भागलं नाही की जामसावळी.

जाम नदी पांढुर्ण्याहून पुढे सौंसरच्या बाजूला जाते आणि तिच्या काठी जामसावळीचा हनुमान आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यापासून जवळ. मारुती उभा नाही, निजलेला, पिंपळाच्या झाडाखाली. मूर्तीच्या बेंबीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि ते घेऊन मानसिक रुग्ण बरे होतात अशी श्रद्धा आहे. मंगळवारी-शनिवारी गर्दी असते. घरातलं डोक्यावर परिणाम झालेलं माणूस घेऊन महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून कुटुंबं येतात, काही दिवस राहतात, प्रदक्षिणा घालतात. कुणी केस सोडून घुमतं, कुणी नुसतं जमिनीकडे बघत बसलेलं असतं. बाजूला त्याची आई, हातात तीर्थाची बाटली, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी.

या आईची चेष्टा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. जामसावळीत तिला जे मिळतं ते तिला दुसरीकडे मिळालेलं नाही. तिथे कुणी तिच्या पोराला वेडा म्हणून हिणवत नाही, कारण आजूबाजूला सगळे तसलेच आलेले आहेत. तिला ‘तुझंच काहीतरी चुकलं’ असं ऐकावं लागत नाही. दोष बाहेरच्याचा आहे, पोर चांगलंच आहे, एवढा दिलासा तिथे आहे. स्पायडर-मॅनने ऑस्बॉर्नला दिला तो हाच दिलासा होता: वाईट ते गॉब्लिनचं, माणूस वेगळा.

अडचण पुढची आहे. दिलाशाने आजार थांबत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उपचार जितके लांबतात तितकं बरं होणं कठीण होत जातं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग या आजारावर दिसला आणि तेव्हापासून या रोगावर औषध आहे. ते जादूसारखं चालत नाही. गोळी सुरू केल्यावर फरक पडायला काही आठवडे लागतात. आधी येते ती झोप, तोंडाला कोरड, हातापायांना जडपणा. घरचे म्हणतात, ही तर गुंगीची गोळी, पोरगं नुसतं लोळतं. मग महिन्याभरात गोळी बंद. किंवा उलट, पोर छान झालं, कामाला लागलं, आता कशाला गोळ्या, म्हणून बंद. आणि काही महिन्यांनी आजार परततो. ऑस्बॉर्नसारखाच. गोळी बंद केल्याने परतला हे लक्षात येत नाही, बाधा परत आली असं वाटतं, आणि पुन्हा ताईत.

बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, त्यांत मध्य प्रदेश होता. ज्यांना उपचारांची गरज आहे पण ते मिळत नाहीत अशांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे दहांतले सात तरी डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. मध्य प्रदेशातली मोठी सरकारी मनोरुग्णालयं दोन, ग्वाल्हेर आणि इंदूर. सावरगावच्या माणसाला दोन्ही शेकडो किलोमीटर लांब, आणि बोलीनेही लांब. त्याला जवळचं आहे ते नागपूर.

जामसावळीहून नागपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास. सौंसरहून बस निघते, सावनेर, कोराडी, मानकापूर करत शहरात शिरते, आणि शहराच्या तोंडाशीच छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय येतं. १८६४ साली सुरू झालेलं, ९४० खाटांचं. चौकाला नागपूरकर अजून पागलखाना चौक म्हणतात. सौंसरहून नागपूरला लग्नाच्या खरेदीला, संत्री विकायला, परीक्षेला येणारा प्रत्येक माणूस या फाटकासमोरून जातो. ज्या रस्त्यावर देव आहे त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर आहे. मध्ये राज्याची सीमा आहे. राजधानी नागपूरहून गेली तरी वेडाच्या दुखण्याला नागपूरच, हे या भागात चार पिढ्यांचं वहिवाटीचं आहे. पण नागपूरला नेणं हा शेवटचा उपाय समजला जातो. तिथे नेलं की शिक्का बसला, बहिणीचं लग्न अडलं. आर्कमने जगभर जे केलं ते आपल्या चौकाच्या नावाने इथे आधीच करून ठेवलं होतं.

हे असंच राहिलं पाहिजे असं नाही, हे दाखवणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली २००४चीच, पवित्र प्रभाकर जन्मला त्याच वर्षीची. त्या वर्षी ‘देवराई’ हा मराठी चित्रपट आला, दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष कोकणातला, देवराईवर जीव असलेला, हुशार, आणि स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. त्यामागे उभे होते डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे मूळचे धुळ्याकडचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसवलं आणि मग चित्रपटही काढला. ‘देवराई’त शेषला भास होतात, तो ओरडतो, बहिणीचा संसार विस्कटतो. पण तो कुणाचा जीव घेत नाही. शेवटी तो संपूर्ण बराही होत नाही, औषधांच्या आधाराने माणसांत राहायला शिकतो. पडद्यावर आजारी माणसाला खलनायक केल्यावाचून गोष्ट उभी राहते, आणि प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो, हे मराठीत तेव्हा सिद्ध झालं. आपल्याकडे कॉमिक काढू पाहणाऱ्या तरुणांनी तो चित्रपट बघावा.

दुसरी गोष्ट गुजरातची. मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. जामसावळीसारखंच ठिकाण, बाधा उतरवायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. २००८च्या सुमारास तिथे ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. अल्ट्रुइस्ट ही संस्था आणि सरकार यांनी दर्ग्यातल्या मुजावरांना आजार ओळखायला शिकवलं. मुजावर दुआ करतो आणि मग सांगतो, आता त्या खोलीत डॉक्टरसाहेब बसलेत, त्यांनाही दाखव. मुजावराने सांगितलं म्हणून माणूस जातो. त्याच्या श्रद्धेला हात लावलेला नाही, दर्ग्याचं उत्पन्न बुडालेलं नाही, आणि गोळी सुरू झाली आहे. हे करायला एक प्रसंग कारण झाला होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुठल्याही कारणासाठी रुग्णाला साखळीने बांधणं बेकायदा ठरवलं. तो कायदा सौंसरलाही लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३चा कायदा मात्र सावनेरच्या पलीकडे सीमेवर थांबतो.

जामसावळीला सध्या सरकार ‘हनुमान लोक’ नावाचं मंदिर संकुल उभारत आहे. पांढुर्णा जिल्हा करायची घोषणा त्याच भूमिपूजनाच्या वेळी झाली होती. प्रांगण, दुकानं, भक्तांच्या राहण्याची सोय, सगळं आराखड्यात आहे. मला त्यात एक खोली हवी आहे. देवळाच्या आवारातच, चपला काढायच्या जागेपासून दिसेल अशी. तिच्यात मंगळवारी आणि शनिवारी, म्हणजे ज्या दिवशी गर्दी असते त्याच दिवशी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मनोविकारतज्ज्ञ बसावा. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. सोबत मराठी बोलणारी एक समाजसेविका असावी, कारण आजाऱ्याच्या आईला हिंदीत विचारलं तर ती अर्धंच सांगते. महिन्याभराच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दर्शनाला येताना घेता याव्यात. गावातून फोन करायला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक पाटीवर लिहिलेला असावा, मराठीत आणि हिंदीत. आणि पुजाऱ्यांना उनावाच्या मुजावरांसारखं विश्वासात घ्यावं. त्यांच्या तोंडून ‘तीर्थ घे आणि गोळीही घे’ असं एकदा निघालं तर पन्नास शिबिरांनी होणार नाही तेवढं काम होईल.

हे अवघड आहे असं कुणी सांगू नये. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच प्रशासन जाम नदीच्या काठावर तंबू ठोकतं, डॉक्टर आणि परिचारिका उभ्या करतं, रुग्णवाहिका लावून ठेवतं. डोकी फुटणार हे माहीत असतं, आणि फुटलेल्या डोक्याला टाके घालायला माणसं हजर असतात. तेच डॉक्टर, त्याच नदीकाठी, थोडं पुढे जामसावळीला आठवड्यातून दोन दिवस बसवायचे आहेत.